खजुरानं मोजलेला आराम

लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, नवरा-बायको दोघंही कुवेतातच होतो, आणि तरी आमचा संसार फक्त शुक्रवारी, समुद्रकाठच्या एका सिमेंटच्या बाकावर चालायचा. बाकीचे दिवस मी नर्सेसच्या हॉस्टेलात आणि नवरा जलीबच्या कामगार वस्तीत, एका खोलीत सात-आठ गड्यांबरोबर. अर्दियाच्या एका गोदामात तो स्टोअरकीपर होता. त्याच्या खोलीवर बाईमाणसाला बंदी, माझ्या हॉस्टेलात बाप्याला बंदी. आमचा दरवान तर इतका कडक की एकदा आवारात बोका शिरला, तर त्यानं आधी त्याच्याकडे राहायचा परवाना मागितला. बोक्याकडे नव्हता. पुन्हा दिसला नाही.

बाकावर तरी सुखानं बसावं, तर पोलिसांची गाडी थांबायची. मग हा खिशातून आमच्या लग्नाचा फोटो काढायचा. लॅमिनेट केलेला, अंतरपाटासकट. पोलीस एकदा फोटो बघायचा, एकदा मला बघायचा आणि फोटोतली मुलगी बरीच बारीक आहे अशी शंका काढायचा. नवरा हसायचा. मी दोघांवर डाफरायचे.

असं चाललेलं असताना, नव्वद साली, रमजानची ईद होऊन उन्हाळा तापायला लागला त्या सुमारास, आमच्या हॉस्पिटलातली शिकवणारी सिस्टर कायमची मायदेशी गेली. तिची जागा रिकामी झाली. या जागेला रात्रपाळी नाही हे खरं, पण सगळ्या नर्सेसची लाळ गळत होती ती दुसऱ्याच गोष्टीवर. या जागेबरोबर हवल्लीत दोन खोल्यांचं फॅमिली क्वार्टर मिळायचं. मला पदाचं कौतुक नव्हतं. मला दार हवं होतं. आतून कडी लावता येईल असं एक दार.

जागा द्यायची मेट्रनच्या हातात. मेट्रन विलायतेची, उंची खजुराच्या झाडाएवढी. वॉर्डातला पंखा चालू असला की वाकून जायची. तिनं अर्ज केलेल्या सगळ्यांना बोलावलं आणि फर्मावलं, "प्रत्येकीनं एकेक मिडल रेंज थिअरी घ्या. ती पारखा. आपल्या वॉर्डात संशोधनाला ती उपयोगी पडेल का ते करून बघा आणि माझ्यापुढे मांडा. जी चांगलं मांडेल, तिला जागा."

मी हॉस्टेलवर येऊन पलंगावर आडवी झाले. माझी खोलीसोबतीण लातूरकडची, माझ्याच वॉर्डात. ती कांदा चिरत होती.

"मिडल रेंज मंजे गं?"

"मधल्या पल्ल्याचा सिद्धांत."

"मधल्या पल्ल्याचा? मंजे एसटी हाय का?"

हसू नका, ती फारशी चुकली नव्हती. नर्सिंगमध्ये काही सिद्धांत असतात विश्वरूपदर्शनासारखे. माणूस, समाज, आरोग्य, ब्रह्मांड, सगळं एका आकृतीत कोंबलेलं. अर्जुनासारखे हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. बेडपॅन कधी द्यायचं ते त्यातून कळत नाही. दुसऱ्या टोकाला नियम असतात, पट्टी अशी बांधा, सुई इथे टोचा. मधल्या पल्ल्याचा सिद्धांत या दोन टोकांच्या मधे धावतो. तो एकच गोष्ट धरतो, भीती म्हणा, वेदना म्हणा, आणि सांगतो की ती कशानं वाढते, कशानं कमी होते आणि त्यामुळे पुढे काय होतं. म्हणून तो खरा की खोटा हे तपासून बघता येतं. ब्रह्मांड तपासायला कुठली नर्स जाणार?

माझ्या वाट्याला आला आरामाचा सिद्धांत. मेट्रननं दिलेल्या झेरॉक्समध्ये त्याचं सार असं होतं: नर्सनं पेशंटला आराम पडेल असं काही केलं, की आराम वाढतो, आराम वाढला की पेशंट स्वतःहून उठतो, चालतो, जेवतो, आणि लवकर घरी जातो.

"हे तर माज्या आजीलाबी ठाऊक होतं," लातूरकरीण म्हणाली.

"ठाऊक होतं, पण तिनं मोजलं होतं का?"

"आजी मोजत नव्हती बाई. चापट मारून निजवायची."

सिद्धांत पारखणं म्हणजे मला विचाराल तर स्थळ बघणं. आधी घराणं बघायचं, कुठून आला, कुणाच्या अनुभवातून निघाला. मग बोलणं स्वच्छ आहे का बघायचं, म्हणजे पहिल्या पानावर आराम म्हणजे एक आणि पाचव्या पानावर दुसरंच, असं तर नाही. मग पत्रिका, म्हणजे त्याची विधानं एकमेकांशी भांडत नाहीत ना. मग हळूच चौकशी, याआधी कुणी संशोधनात वापरलाय का, आणि वापरला तेव्हा कसा वागला. आणि शेवटी, सगळ्यांत मोठा प्रश्न: आपल्या घरी नांदेल का?

माझं स्थळ पहिल्या सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण झालं. नाकीडोळी नीटस, बोलायला साधं, उगाच अलंकार नाहीत. शिवाय आहेरात एक मोजपट्टीही घेऊन आलेलं, प्रश्नांचा एक कागद. 'मला आत्ता बरं वाटतं आहे', 'माझं दुखणं सोसण्यासारखं आहे' अशी वाक्यं, आणि पेशंटनं प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. वॉर्डच्या क्लार्कनं ते अरबीत उतरवून दिलं. मी मनातल्या मनात हवल्लीच्या क्वार्टरला पडदे शिवायला घेतले. निळे.

आमचा वॉर्ड बायकांचा, ऑपरेशनवाल्यांचा. पहिल्या पलंगावर होती एक म्हातारी, पित्ताशय काढलेली. सगळा वॉर्ड तिला यम्मा म्हणायचा, म्हणजे आई. पोटातून नळी बाहेर काढलेली, चेहरा लिंबासारखा पिवळा, ओठ घट्ट. मी कागद घेऊन बसले.

"यम्मा, दुखणं सोसण्यासारखं आहे?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"म्हणजे किती? एक ते पाच?"

"पाच. देवाची कृपा."

"झोप?"

"पाच."

"भीती वाटते का?"

यम्मानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं की देवावर विश्वास आहे का. पाच.

दुसऱ्या पलंगावरची बाई कण्हत होती. तिनं कण्हणं थांबवलं, पाच म्हणाली आणि पुन्हा कण्हायला लागली. तिसरीला ताप होता. तिनं सहा द्यायची तयारी दाखवली. देवानं दिलेल्या दुखण्याबद्दल परक्या बाईपाशी तक्रार करायची, हे त्यांच्यात बसतच नाही. आणि आपण तरी काय वेगळे? आमच्या गावात माणूस तिरडीवर बांधला तरी विचारल्यावर 'बरं चाललंय' म्हणेल आणि वर 'तुमचं कसं?' असं विचारेल.

मेट्रननं आकडे पाहिले. तिच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. कुणी आलं की ती झाकण उघडून "बिस्किट?" म्हणायची. एकदाच. आपण रीतीप्रमाणे पहिल्यांदा नको म्हणायचं आणि समोरच्यानं 'अहो घ्या, लाजता काय' म्हणायचं, हे तिच्या गावीच नव्हतं. नको म्हटलं की झाकण खट्कन बंद. तीन वर्षांत मी त्या डब्यातलं एकही बिस्किट खाल्लं नव्हतं. वास मात्र पोटभर घेतला होता.

त्या दिवशीही झाकण बंद झालं. मग ती म्हणाली, "अभिनंदन, सिस्टर. तुमच्या वॉर्डात सगळ्यांना पूर्ण आराम आहे. म्हणजे मी तुम्हां सगळ्यांना घरी पाठवायला हरकत नाही."

"पुढच्या महिन्यात या. हेच आकडे घेऊन आलात तर येऊ नका."

निळे पडदे मनातल्या मनात उसवले.

शुक्रवारी मी डबा घेऊन बाकावर गेले. तळलेली झुबैदी होती, म्हणजे आपलं पापलेटच, पण तेलाच्या देशातलं, म्हणून अंगानं जास्त. नवरा आला, बसला, जेवायला लागला. मी एकटीच बडबडत होते. मेट्रन, पाच, पाच, पाच. मग म्हटलं, चला, घरचाच पेशंट.

"अहो, जलीबला आराम आहे का? एक ते पाच सांगा."

"पाच."

एका न्हाणीघरापुढे सात-आठ गडी रांगेत, एक कूलर, तोही दमेकरी. आणि म्हणे पाच. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात लक्षात आलं की डब्यात शेवटचा तुकडा तसाच पडलाय.

आता हे सांगायला हवं, की शेवटच्या तुकड्यावरून आमचं दर शुक्रवारी भांडण व्हायचं. तू घे, नको तुम्ही घ्या, माझी शपथ, तुमच्या आईची शपथ. एकदा त्यानं तुकडा माझ्या तोंडात कोंबला होता आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फोटो दाखवूनही भागेना, कारण मला बोलता येईना. तर असा हा माणूस त्या दिवशी तुकड्याकडे बघत गप्प बसला होता. ना स्वतः घेतो, ना मला घे म्हणतो.

मी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला. दाढ! चार दिवस ठणकत होती आणि साहेब पाच देत होते.

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगायचं त्यात? बरंच आहे की."

मी बाकावरून ताडकन उठले. लोक म्हणतील सफरचंद पडलं वगैरे. माझ्यासमोर पापलेट पडलं नाही, तसंच राहिलं, आणि मला उजेड पडला. माणूस तोंडानं पाच म्हणतो. पण दुखत असलं की आग्रह करायचा विसरतो! ज्याला स्वतःला आराम आहे, त्यालाच दुसऱ्याच्या ताटात वाढायचं सुचतं.

"तुम्ही हुशार आहात हो!" मी ओरडले.

"मी काय केलं?"

"काहीच केलं नाहीत, तेच!"

त्याला आधी दाताच्या डॉक्टरकडे पोचवला, मग हॉस्टेलवर येऊन लातूरकरणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलं तुजं." पण सकाळी तीही माझ्याबरोबर वॉर्डात डोळे फाडून बघत होती.

कुवेतात पेशंटच्या उशाला औषधाच्या आधी दोन गोष्टी येतात, कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा. कॉफी चिमुकल्या पेल्यात, पिवळसर, वेलदोड्याची. पेला रिकामा झाला की तो हलवून परत द्यायचा. हलवला नाही तर पुन्हा भरतात. मला पहिल्या महिन्यात हे माहीत नव्हतं. मी आपली ताटावर धरतात तसा पेल्यावर हात आडवा धरायची. त्यांना वाटे, बिचारीला चटका बसतोय, आणि मोठा पेला आणायचे. एकदा तर मी इतकी कॉफी प्यायले की नंतरचे दोन दिवस मला भिंतीपलीकडचं ऐकू येत होतं.

तर यम्माकडे गेले. अल्हम्दुलिल्लाह, पाच. खजुराच्या डब्याचं झाकण? बंद. मी थर्मामीटर लावेपर्यंत उगाच रेंगाळले. ती खजुराचं नाव काढीना. मी पांघरूण बाजूला केलं, हळूच कुशीवर वळवलं, तर नळी अंगाखाली मुडपलेली, आणि पट्टीखाली पोट तटतटलेलं. डॉक्टरला बोलावलं, नळी मोकळी झाली, पट्टी बदलली, पाठीशी उशी लावली. दुपारी ड्यूटी संपवून जाताना सहज डोकावले. यम्मा उशीला टेकून बसलेली, डबा उघडा, आणि मी "नको" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात खजूर आत.

"खा! हाडं दिसतात तुझी!"

माझी हाडं. त्या समुद्रकाठच्या पोलिसाला हे ऐकवायला हवं होतं.

मग मी पट्टी आखली. खजूर दाखवलाच नाही, तर एक. दाखवला पण एकदाच, मेट्रनसारखा, तर दोन. पुन्हा म्हटलं, तर तीन. हातात कोंबला, तर चार. तोंडात कोंबला, तर पाच. एकटीच्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून मी आणि लातूरकरीण वेगवेगळ्या वेळी जायचो आणि मग गुण ताडून बघायचो. बहुतेक वेळा जुळायचे. त्यासाठी प्रत्येक पलंगावर दोघींना खावं लागायचं. संशोधनासाठी लोकांनी काय काय सोसलंय! माझ्या गणवेशाची दोन बटणं शास्त्रासाठी शहीद झाली, त्यातलं एक उडून सर्जनच्या चष्म्यावर बसलं. लातूरकरीण तर म्हणाली, "मला आता खजुराचं झाड दिसलं तरी सलाम करावा वाटतो."

भांडणंही झाली. एका बाईला आम्ही दिवसेंदिवस एक देत होतो आणि ती ठणठणीत चालत घरी गेली. जाताना तिच्या बहिणीनं खुलासा केला: "ती लहानपणापासूनच चिकट आहे." दुसरी, परदेशी शाळेत शिकवणारी एक गोरी बाई, अपेंडिक्सवाली, तिनं आम्हांला काहीच दिलं नाही. माझ्या पट्टीप्रमाणे ती मरणाच्या दारात होती. तिला मूळचा कागद दिला, तर तिनं नीट विचार करून 'तीन' लिहिलं, आणि तिचं खरंच तीनच होतं. मी हे दोन्ही लिहून ठेवलं. लातूरकरीण म्हणाली, "गाळ की! कशाला सांगायलीस? क्वार्टर जाईल ना!" पण स्थळाचा तिरळा डोळा लपवून लग्न जमवलं तर पुढे नांदायचं कुणाला असतं?

मांडायच्या दिवशी मेट्रन पहिल्या रांगेत, बाजूला दोन डॉक्टर, मागे बाकीच्या उमेदवार सिस्टर्स. दारापाशी लातूरकरीण उभी, देव पाण्यात घालून ठेवल्यासारखे हात जोडून.

मी सांगितलं: सिद्धांत साधा आहे, स्पष्ट आहे, आतून भांडत नाही. वॉर्डात तो चालताना दिसला. आराम पडला की पेशंट खरंच लवकर उठतात. चुकते ती त्याची मोजपट्टी, कारण ती विचारून मोजते, आणि जिथे विचारल्यावर 'बरं आहे' म्हणायची रीत आहे तिथे तिला रीत मोजता येते, आराम नाही. म्हणून मी आग्रह मोजला.

एक डॉक्टर म्हणाले, "हे संशोधन आहे की नाश्ता?"

हॉल हसून फुटला. मीही हसले, काय करणार. मग म्हटलं, "डॉक्टरसाहेब, यम्माची नळी मुडपली होती तेव्हा तुमच्या राउंडला ती काय म्हणाली होती?"

डॉक्टर विचारात पडले. "अल्हम्दुलिल्लाह म्हणाली होती."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

त्यांनी खोकला काढला. मी घाईनं पुढे म्हटलं की माझी पट्टीही सगळीकडची नाही. चिकट बाईला चालत नाही, गोऱ्या बाईला चालत नाही. सिद्धांत इथे नांदेल. पण प्रत्येक घरात शिरताना त्यानं तिथला आराम कशावरून ओळखतात ते आधी बघावं, नाही तर संशोधनात नुसते पाच पाच येतील आणि नर्सेस घरी जातील.

मेट्रन उठून गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो चेहरा बर्फातून कोरून काढलेला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी समोर बसले. तिनं कागद चाळले. मग डब्याचं झाकण उघडलं. "बिस्किट?"

"नको, मॅडम. थँक्यू."

झाकण बंद होण्याची मी वाट बघत होते. झाकण उघडंच राहिलं. तिनं डबा दोन बोटं माझ्याकडे सरकवला, आणि जरा घसा खाकरून, जणू परकी भाषा बोलतेय अशी, म्हणाली, "घ्या ना. एक तरी."

मी खुर्चीतच अशी उडाले की ती घाबरली. पुढचं तिनं काही सांगायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. तीन गुण! खुद्द मेट्रनकडून तीन! मी तीन बिस्किटं खाल्ली, आणि चौथं लातूरकरणीसाठी रुमालात बांधलं.

जुलैत क्वार्टरची किल्ली मिळाली. हवल्लीत, एका किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्या. जलीबहून नवऱ्याची ट्रंक उचलायला त्याचे सगळे सोबती आले, ट्रंकेत चार शर्ट असताना. सगळ्यांना जेवू घातलं. वाढताना तेच मला आग्रह करत होते. ते गेल्यावर मी दाराला कडी लावली, काढली, पुन्हा लावली. नवरा म्हणाला, "बिघडलीय का?" म्हटलं, "नाही हो, वाजवून बघतेय." पडदे निळे मिळाले नाहीत, हिरवे मिळाले. काही बिघडलं नाही.

पडद्यांच्या घड्या मोडायच्या आत ऑगस्ट आला आणि एका सकाळी खालच्या रस्त्यावरून रणगाडे गेले. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे, ते मी तिखटमीठ लावून सांगणार नाही. एवढंच, की त्या सकाळी हॉस्टेलातल्या कितीतरी जणी रस्त्यापलीकडच्या नवऱ्यांसाठी फोनला लटकल्या होत्या आणि फोन मेलेले होते. माझा माझ्या शेजारी होता. उघड्या तोंडानं, एका पायात चप्पल.

बस बदलत, धूळ खात आम्ही जॉर्डनच्या सीमेवरच्या तंबूंत पोचलो. तिथे पाव वाटायचे, रांगेत, माणशी एक. नवरा रांगेतून आला, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मी विचारलं, "बरे आहात ना?"

"एकदम."

आता यावर कुणी विश्वास ठेवायचा? मी त्याच्या गालाकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं. तो वाळूत बसला. आपल्या पावाचा मोठा अर्धा तोडला आणि माझ्यापुढे धरला.

"घे."

"माझा आहे की मला."

"असू दे. घे गं. माझी शपथ."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि पाव आत. धुळीसकट.

"काय," तो हसत म्हणाला, "किती दिलेस?"

तोंड भरलेलं होतं. मी हात वर करून पाचही बोटं दाखवली.